इंजिनातलं मीठ

आमची गाडी पहिल्यांदा उकळली तेव्हा मागच्या सीटवर एक बाळंतीण होती, दवाखान्यातून घरी निघालेली. रोडपालीच्या अलीकडे बोनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळून त्या बाईला म्हणाले, "घाबरू नको गो, तिला तान लागली." डिकीतून पाण्याचा कॅन काढला, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सोडवलं, पाणी ओतलं, एक बिडी ओढली, आणि गाडी पुन्हा निघाली. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी चांगली रंगवून सांगितली. आई हसली नाही. "म्हातारी झाली ती. इकून टाका," एवढंच ती म्हणाली.

आई गाडीला सवत म्हणायची. "सवतीची आंघोळ झाली का? मंग मना पन एक बादली द्या," असं रोज सकाळी अंगणातून ऐकू यायचं. मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात बी.कॉम.ला होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मी अर्थातच आईच्या बाजूने होते. फिकट निळी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली ती गाडी. तिचं एक मागचं दार आतून उघडायचं नाही, बाहेर उतरून कुणीतरी उघडावं लागायचं. बाबा ते दार इतक्या अदबीने उघडायचे की बसणाऱ्याला वाटावं, हा मानच आहे.

गाडी आली होती जमिनीच्या पैशांतून. नवं शहर वसवायचं म्हणून सरकारने आमच्या खाडीकाठच्या गावाची शेतं घेतली, मिठागरं घेतली. त्या पैशांचं आमच्या लोकांनी काय केलं यावर शहरातली माणसं अजून विनोद करतात, आणि ते ऐकून माझं अजून डोकं फिरतं. कुणी स्लॅबचं घर बांधलं, कुणी पोरीच्या लग्नात गावजेवणं घातली, कुणी पिऊन संपवले, हे खरं आहे. पण ज्याने आयुष्यभर एकदम एवढे पैसे पाहिलेच नाहीत, त्याला ते कसे खर्चायचे हे शिकवायला कुणी आलं होतं का? बाबांनी पनवेलच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. गाव हसलं. मिठागराच्या बांधावर ते एकटेच गाडी शिकले, दोनदा चिखलात गेले, आणि मग पावसाळा संपायच्या आत भाडी मारायला लागले. कुणाला मुंबईच्या हॉस्पिटलात न्यायचं, कुणाची नवरी पोचवायची, तळोजाच्या कारखान्यात आलेल्या कुणा साहेबाला स्टेशनावर सोडायचं.

त्यांना गाडीचं वेड होतं असं नाही. खरी गोष्ट वेगळी होती. मिठागर आमचं स्वतःचं होतं, लहानसं, पण आमचं. तिथे मालक नव्हता, मुकादम नव्हता. खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं आणि मीठ कधी ओढायचं, हे भरती आणि ऊन बघून बाबा ठरवायचे. मिठागरं गेल्यावर गावातले बरेच जण कारखान्यांत ठेकेदाराकडे लागले. बाबांना तेच नको होतं. "मी कोनाच्या आताखाली राबलो नाय, आनी राबनार नाय," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. गाडी चालू होती तोवर ते बोलणं खरं होतं. ती बंद पडली तर त्यांनाही तळोजाला जावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून तिचा विषय निघाला की सगळे दुसरंच काहीतरी बोलायचे.

त्या बाळंतिणीनंतर गाडी वरचेवर उकळायला लागली. बाबा एकाऐवजी दोन कॅन ठेवायला लागले. मग थंडीत एका दुपारी कळंबोलीजवळ ती थांबली ती थांबलीच. टेम्पोला दोर बांधून ओढत तिला पनवेलला उरण नाक्याच्या बाजूला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. तो चांगला माणूस होता, बोलघेवडा, सगळ्यांना काका म्हणायचा. त्याने इंजिन खोलायला दोन दिवस घेतले. बाबा मला म्हणाले, "कॉलेज सुटल्यावर तिकडं ये. तू शिकलेली, तो काय बोलतो ते नीट आयक." इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाबांनी बोलावलं याचा मला फार अभिमान वाटला, आणि मी गेले.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. जमीन ऑइलने काळी झालेली. आमच्या गाडीचं इंजिन एका फळीवर उघडं पडलं होतं. बाबा त्याच्याजवळ उकिडवे बसले होते, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हरने आत टोचून दाखवलं. ज्या पोकळीतून इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतं, ती जवळजवळ बुजली होती. तांबडा गंज, आणि त्याच्यावर पांढरे पापुद्रे. एका ठिकाणी लोखंड इतकं खाल्लं गेलं होतं की स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला.

"काका, सच बोलू का?" मिस्त्री म्हणाला. "इंजिन इतकं जुनं नव्हतं. आतून खाल्लंय ह्याला. तुम्ही पाणी कुठलं टाकायचे?"

बाबांनी वाकून नखाने त्या पांढऱ्या पापुद्र्याचा एक तुकडा काढला, बोटांत चुरडला आणि जिभेवर ठेवला. मी "बाबा!" म्हणून ओरडलेच, कारण ते सगळं घाण होतं, ऑइलमध्ये बरबटलेलं. त्यांनी तोंड हलवलं. मग तिथेच बाजूला थुंकले.

"मीठ," ते म्हणाले.

आमच्या गावात पाणी दोन प्रकारचं. पिण्याचं गोडं पाणी हायवेच्या कडेच्या नळावर मिळायचं, आणि ते आई डोक्यावरून आणायची, दोन खेपा सकाळी, एक संध्याकाळी. बाकी सगळ्याला, धुण्याभांड्याला, गुरांना, अंगणाला, बांधाजवळच्या विहिरीचं पाणी. ते मचूळ होतं. बाहेरून आलेला पाहुणा त्या पाण्याने चूळ भरली तरी तोंड वाकडं करायचा. आम्हाला काही वाटायचं नाही. लहानपणापासून अंगावर तेच, ओठांवर तेच. आमची जीभ त्याला पाणीच म्हणायची. गाडीत ओतायला बाबा रोज सकाळी त्या विहिरीचा कॅन भरायचे. आईने डोक्यावर आणलेलं पाणी गाडीच्या तोंडात ओतायचं हे त्यांच्या मनाला पटलं नव्हतं. पेट्रोल पंपावर गोडं पाणी फुकट मिळायचं, पण पाण्यापाण्यात फरक काय बघायचा, हा विचारच त्यांना शिवला नाही. आई सवत म्हणून टोमणे मारायची, आणि हा माणूस तिच्या हंड्याला हात लावायचा नाही म्हणून सवतीला मचूळ पाणी पाजत होता. मला हे सगळं त्या शेडमध्ये उभ्या उभ्या एकदम कळलं आणि रडू आलं. मी ते दाखवलं नाही. वहीने वारा घेत राहिले.

"थोडं पानी टाकायचं, ते आटायचं, अजून टाकायचं," बाबा म्हणाले. ते मिस्त्रीशी बोलत नव्हते आणि माझ्याशीही नाही. "पानी जातं. मीठ रातं. हेच तं आमी करत आलो." मिठागरात ते हेच करायचे, वर्षानुवर्षं, त्यांचे वडील हेच करायचे. खाडीचं पाणी बांध घातलेल्या कोंडीत घ्यायचं, उन्हाने ते उडून जाऊ द्यायचं, खाली राहील ते ओढायचं. पंचक्रोशीत मिठाची पारख असलेला माणूस म्हणून लोक त्यांना बोलवायचे. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, रोज सकाळी, एका इंजिनात मीठ पिकवलं होतं.

मिस्त्रीला त्यांची दया आली असावी. "काका, दिल पे मत लो. खाडीकाठच्या गाड्या माझ्याकडे अशाच येतात. कुणालापण होतं." मग त्याने दोन रस्ते सांगितले. मुंबईला भंगार बाजारात चालू हालतीतलं जुनं इंजिन मिळेल, ते आणून बसवायचं, पंपावरचं पाणी टाकायचं, गाडी अजून पाच-सहा वर्षं कुठे जात नाही. नाहीतर आहे तशी त्यालाच द्यायची, तो पार्ट काढून घेईल. "माझं विचाराल तर बनवा," तो म्हणाला. "बॉडी चांगली आहे. तुम्ही गाडी जपता."

ते शेवटचं वाक्य त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. बाबांनी मान खाली घातली.

आम्ही एस.टी.ने घरी आलो. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना काय सांगणार होते? ज्या पोरीला घरात सगळे शिकलेली म्हणायचे, तिलाही त्या पाण्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

घरी मामा येऊन बसले होते. गाडी ओढून नेल्याचं त्यांना कळलं होतं. मामा तळोजाच्या एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराचे मुकादम होते, आणि त्यांनी बाबांसाठी आधीच शब्द टाकून ठेवला होता. ड्रम भरायचे, हलवायचे, गाडीवर चढवायचे. "होळीच्या आधी सांगा," मामा म्हणाले. "मंग जागा रानार नाय. लाइन लागलेली हाय." बाबा म्हणाले, "सांगतो." यापूर्वी हा विषय निघाला की ते उठून अंगणात जायचे. त्या दिवशी ते उठले नाहीत.

मामा गेल्यावर आईने विचारलं, मिस्त्री काय बोलला. बाबांनी सांगितलं, इंजिन गेलं, दुसरं टाकावं लागेल. जमिनीच्या पैशांतलं जे काही शेवटचं उरलं होतं ते बँकेत आईच्या नावावर होतं, घराच्या छपरासाठी राखलेलं. मला वाटलं आता भांडण होणार, आणि मला ते हवंच होतं. भांडणात बाबा जिंकायचे.

आई भाकऱ्या थापत होती. थापता थापताच ती म्हणाली, "नवीन टाकलं आनी ते पन असंच खलास झालं तं?"

"नाय व्हनार. पानी चांगलं टाकलं का नाय व्हनार."

"म्हंजे? इतकं दिवस कोनतं पानी टाकायचे?"

बाबांनी तुटक तुटक सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी, मीठ, आरपार गेलेला स्क्रू-ड्रायव्हर. हंड्याचं काही बोलले नाहीत. पण आई मूर्ख नव्हती. तव्यावरची भाकरी करपली तरी ती तशीच बसून राहिली. मग तिने ती काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बनवा ती गाडी. पैसं काढा. छप्पर काय, गलतंय तं गलू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावरून एक खेप जास्त करून आली. भरलेला हंडा तिने अंगणातल्या गाडीच्या शेडमध्ये, रिकाम्या जागी नेऊन ठेवला. गाडी तिथे नव्हती, तिच्यात इंजिन नव्हतं, आणि पाणी पंपावर फुकट मिळत होतं. तिला हे सगळं माहीत होतं. तिला जे म्हणायचं होतं ते म्हणायची तिच्याकडे तेवढी एकच रीत होती. बाबा दिवसभर त्या शेडच्या आसपास फिरले. हंड्याला त्यांनी हात लावला नाही. संध्याकाळी आईने मुकाट्याने तो उचलून आत आणला आणि त्याच पाण्यात डाळ शिजवली.

आता घरात उलटंच सुरू झालं. इतकी वर्षं गाडी विका म्हणणारी आई आणि नाक मुरडणारी मी, आम्ही दोघी बाबांच्या मागे लागलो. बनवा, बनवा. मी तर त्यांना हिशोबाची भाषा ऐकवली, तोंडाला येईल ते बोलले: भाडी वाढतील, नवीन वसाहती होतायत, द्रोणागिरीकडे कामं निघतायत, लोकांना गाड्या लागणार. सगळं खरं होतं, पुढे झालंही तसंच. बाबा ऐकून घ्यायचे. मग एका संध्याकाळी मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा ते बोलले.

"जमीन सरकारनं घेतली. त्याला मी काय करनार व्हतो? त्याचा राग हाय, पन ते माज्या आतात नव्हतं. गाडी मी मारली. रोज सकाली उठून, माज्या आतानं."

"अरे पण बाबा, तुला कुठे माहीत होतं?" आम्ही घरात त्यांना अरे-तुरेच करायचो, आमच्याकडे तशीच पद्धत.

"तेच तं. मना मीठ कलत नाय तं मना काय कलतं? सांग ना." ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. "आता कोनी सांगल तसं करायचं. इथं उभा रा बोलला का उभा रायचं. आपल्या मनानं केलं का हे असं व्हतं."

मी वाद घातला. ओरडले. एका चुकीने माणूस निकामी होत नाही, मिस्त्री स्वतः म्हणाला कुणालाही होतं, वगैरे वगैरे. ज्याच्या जिभेवर ते मीठ अजून होतं, त्याला माझ्या बोलण्याचा काय उपयोग. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, आणि मला दिसत होतं की यांनी ठरवलेलं आहे. गाडीचं काय करायचं हा प्रश्न आमच्या घरात पैशांवर अडला नाही, आईवर अडला नाही. बाबांचा स्वतःवरचा विश्वास उडाला, तिथे तो संपला. त्यापुढे नवं इंजिन आणून काय होणार होतं?

होळीच्या आधीच ते एकटे पनवेलला गेले आणि गाडी मिस्त्रीला देऊन आले. त्याने शेवटचं समजावून पाहिलं म्हणे. बाबा "नको" म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी शेड झाडून काढली आणि मामांकडे निरोप पाठवला.

कारखान्याची बस गावाच्या फाट्यावर यायची. पहिल्या दिवशी आईने त्यांना डबा दिला तेव्हा दोघं एकमेकांकडे बघेनात. संध्याकाळी ते आले ते डोळे लाल करून, अंगाला एक आंबट, झोंबणारा वास. आईने पाणी तापवून दिलं. कसं काय होतं असं मी विचारलं, तर म्हणाले, "बरं हाय. सोपं हाय. सांगतात तसं करायचं." त्यांच्या लाइनवरचा सुपरवायझर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, कुठून तरी बाहेरून आलेला मुलगा होता. बाबा त्याला साहेब म्हणायचे, घरी बोलतानाही. ड्रमांजवळून हलायचं तर त्याच्यासमोर जाऊन, विचारून हलायचं, कारण एकदा कुणीतरी न सांगता गेला आणि काहीतरी सांडलं होतं. बाबांना हा नियम अगदी योग्य वाटायचा. ते तो आम्हाला समजावून सांगायचे. मला वाटायचं, त्यांनी कारखान्याला शिव्या द्याव्यात, त्या मुलाला द्याव्यात. त्यांनी कधीच दिल्या नाहीत.

काही महिन्यांनी एकदा त्यांच्या सुट्टीचा वार होता, दुपारची वेळ. आई शेजारी गेली होती. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते आणि बाबा माझ्यापासून जरा अंतरावर, खांबाला टेकून बसले होते. मग ते उठले. मला वाटलं आत जातायत. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, दोन्ही हात पुढे एकमेकांत धरून. मी मान वर केली.

"जरा भायेर जाऊन येऊ?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसायलाही लागले. पण ते हसत नव्हते, त्यांना आपण काय विचारलं हेही कळलं नव्हतं, ते नुसते थांबले होते. मी पुस्तक मिटलं.

"जा ना, बाबा," मी म्हणाले.

तेव्हा ते गेले.